खैरुल्लाचा खुजा राजा

दिझफूलच्या बाजारात उस्ता खैरुल्ला या लाकूड कातणाऱ्या काताऱ्याच्या दुकानात शिरणं सोपं होतं, बाहेर पडणं कठीण. आलेल्याला तो आधी बसवायचा, मग चहा पाजायचा, मग वस्तू दाखवायचा, आणि किंमत विचारली की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "किंमत काय घेऊन बसलात? आपल्यापुढे ही वस्तू ती काय! अशीच न्या." आता असं तर तिथले सगळेच दुकानदार म्हणतात. म्हणायची रीत आहे. गिऱ्हाइकाने "छे छे" करायचं, दुकानदाराने पुन्हा आग्रह करायचा, मग हळूच आकडा सांगायचा आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांचे बाप काढेपर्यंत घासाघीस करायची. या रीतीला तारोफ म्हणतात आणि सगळं गाव तिच्यावर सुरळीत चालतं. खैरुल्लाची अडचण अशी की त्याचा आकडा कधी तोंडातून बाहेरच पडत नसे. शेवटी गिऱ्हाईकच घामाघूम होऊन अंदाजाने काही तुमान सतरंजीखाली सारायचं आणि पळ काढायचं.

एकदा हमामाच्या दारात त्याची गाठ बेहबहानच्या एका तितक्याच सभ्य पाहुण्याशी पडली. "आधी आपण." "छे, आधी आपण." आत जाणारे त्यांच्या काखेखालून आत गेले, न्हाऊन बाहेरही आले. शेवटी हमामवाल्याने दार लावून घेतलं आणि दोघे पारोसेच, एकमेकांच्या घराण्याची स्तुती करत, आपापल्या वाटेने गेले.

या भिडेपायी त्याचं लग्नही राहिलं होतं. तरुणपणी आई त्याला घेऊन मुलगी मागायला गेली होती. मुलीची आई रीतीप्रमाणे म्हणाली, "आमची पोर काय, काळीसावळी, हाताला वळण नाही, तुमच्या घराला शोभायची नाही." यावर "असं कसं, चंद्राचा तुकडा आहे" म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खैरुल्ला उठला, त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आपण वडीलधाऱ्या. आपला शब्द मी खोटा कसा पाडू?" आईने घरी येऊन कपाळ बडवून घेतलं. त्यानंतर कुठल्या घराने त्यांना चहालाही बोलावलं नाही.

आता तो पन्नाशीला टेकला होता आणि गेली कित्येक वर्षं त्याच्या मनात तूरानखानम होती. तूरानखानम विधवा, चाळिशी ओलांडलेली, बापाच्या घरी राहून खजुराचं सारण भरलेले कुलूचे भाजायची आणि विकायची. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. तिचा बाप मश्दी अब्दुन्नबी म्हणजे मेंदीने रंगवलेली दाढी, काटकुळे पाय आणि तोफेसारखा आवाज. बुद्धिबळाचं त्याला वेड होतं. दर गुरुवारी दुपारी खैरुल्ला त्याच्याशी खेळायला जायचा आणि दर गुरुवारी हरायचा. हरून उठताना जिन्यात तूरानखानमला सलाम करायला मिळे, तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

एका सकाळी तूरानखानम दुकानात आली ती अंगभर पांघरलेल्या चादरीचं टोक दातात धरून. हातातली टोपली तिने उस्ताच्या पुढ्यात उपडी केली. लाटणी गडगडत चहूकडे गेली.

"ही काय?" तिने विचारलं.

"लाटणी, खानम."

"केली कुणी?"

"या पामराच्या हातांनी."

"मी मागितली होती किती?"

"एक."

"मग प्रत्येक सणाला एकेक का आणून देता? माझ्या घरात पीठ कमी आणि लाटणी जास्त झाली! बाबा एकाने पाठ खाजवतात, एकाने कबुतरं हाकलतात. तुम्हाला मला काय सांगायचंय ते लाटण्याने सांगू नका, उस्ता. तोंडाने सांगा."

उस्ताने छातीवर हात ठेवला. "खानम, मी तर आपल्या दारातली धूळ…"

"धूळ मी रोज झाडून बाहेर टाकते. नीट ऐका. शुश्तरच्या हाजी ऐनुल्ला तेलवाल्याने मला मागणी घातलीय. शुक्रवारी उत्तर न्यायला येतोय."

"शुश्तरचा?" उस्ताचा आवाज चिरकला. दिझफूलच्या माणसाला एकवेळ विंचू चालतो, शुश्तरचा माणूस नाही.

"हो, शुश्तरचा. गाव काय म्हणेल ते मलाही कळतं. पण तो बाबांशी खेळून बरोबरी करून गेला. खेळी परत घेतो, पटावर खोकतो, हरायला लागला की पोटात दुखतं म्हणतो, पण बरोबरी केली ना? आणि तुम्ही? बाबा म्हणतात, 'खैरुल्ला भला माणूस, पण खांद्यावर डोकं नाही, भोपळा आहे. ज्याला नाकासमोरची मात दिसत नाही, त्याला संसार काय दिसणार?'"

"पण खानम, वडीलधाऱ्या माणसाला हरवायचं तरी कसं?"

"घोड्याने हरवा, वजिराने हरवा, हवं तर प्याद्याने हरवा!" तूरानखानम ओरडली तशी समोरच्या न्हाव्याने वस्तरा थांबवून मान बाहेर काढली. तिने आवाज खाली आणला. "मी बाबांना सांगून टाकलंय, 'जो तुम्हाला हरवील त्याच्याशीच मी लग्न करीन.' ते हसले. म्हणाले, कबूल, मला हरवणारा या गावात जन्मलाय कोण? नाहीच कुणी हरवलं, तर बरोबरीवाला शुश्तरी आहेच. एक गुरुवार उरलाय. नवा संच करून आणा. घरातल्या संचात राजाच्या जागी मिठाची कुपी आहे, हरायला तेवढंच निमित्त शोधाल."

"आणि समजा, खानम, मी…"

"तर शुक्रवारपासून मी तिळाच्या तेलात," ती म्हणाली. या माणसावर आपला जीव जडलाय याचा तिला मनस्वी राग आला होता. ती तडक निघून गेली. लाटणी उस्तानेच गोळा केली.

मग तो कामाला बसला. कमान हातात आली की खैरुल्लाची भीड कुठल्या कुठे जायची. जमिनीवर बसून दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड पकडायचं, कमानीच्या दोरीचा वेढा त्याला घालायचा, उजव्या हाताने कमान मागेपुढे ओढत लाकूड गरगर फिरवायचं, डाव्या हातात पटाशी आणि तिला खालून पायाच्या अंगठ्याचा टेकू. त्याचा अंगठा इतका तरबेज होता की न्हावी नेमत म्हणायचा, याचा पाय माझ्या दोन्ही हातांपेक्षा शिकलेला आहे.

मश्दीसाठी त्याने शिसव घेतला, चॉकलेटी काळा, वजनदार. जुन्या रीतीच्या सोंगट्यांना नाक-डोळे नसतात, सगळा खेळ कंगोऱ्यांचा. राजा म्हणजे गोलसर घुमट, गळ्याशी दोन कडी, माथ्यावर कळी. वजीर म्हणजे तोच घुमट, राजाहून बोटभर बुटका. घोड्याच्या माथ्यावर करवतीने एक तिरपी खाच दिली की झाली मान. कोपऱ्यात उभा राहणारा रुख, म्हणजे आपला हत्ती, त्याच्या डोक्याला पाचरीएवढी फट. प्यादी म्हणजे नुसते गोल गोटे, बुडाशी जरा पसरट. फिरत्या लाकडावर त्याच लाकडाचा कीस मुठीने दाबून धरला की अशी झळाळी यायची, की माशी बसायला कचरेल. काळी फौज तयार झाली तेव्हा उस्ताने स्वतःच तिला सलाम केला.

मग नारिंगाच्या पिवळसर लाकडाची आपली फौज. प्यादी झाली, घोडे झाले, वजीर झाला, सगळं मापात. राहिला राजा. तोही मापात उतरला, पण उस्ताने तो मश्दीच्या राजाशेजारी उभा केला आणि दचकून मागे सरला. खांद्याला खांदा! मश्दी अब्दुन्नबीच्या राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून खैरुल्लाचा राजा उभा! त्याने राजा पुन्हा टोकांमध्ये अडकवला आणि एक कडं कमी केलं. तरी मिजास दिसत होती. घुमट जरा दाबला. बूड जरा रोड केलं. शेवटी माथ्यावरची कळीही उडवली, कारण कळी ही सगळ्या मिजाशीचं मूळ. आता कुठे राजा माणसात आला.

एवढ्यात नेमत चहा घेऊन आला. त्याने दोन्ही रांगा पाहिल्या आणि पेला खाली ठेवला.

"हा कोण?"

"माझा राजा."

"आणि हा?"

"वजीर."

"जुळे आहेत का रे?"

"राजाने जरा मान लववलीय," उस्ता म्हणाला. "समोर वडीलधारे आहेत ना."

"अरे मेल्या, राजा कधी मान लववतो? राजाची मान खाली येते ती कापल्यावरच! खेळताना तुझा तुला तरी ओळखू येणार आहे का?"

"मला येईल. मी केलाय."

"दुसरा कर."

"वाळलेलं नारिंग संपलं. ओल्या लाकडाला रात्रीत चीर जाते."

"मग मश्दीचाच राजा थोडा खाली उतरव."

"तोबा! मश्दीचा राजा? कातारी आहे मी, खाटीक नाही."

नेमतने पेला पुन्हा उचलला. "खैरुल्ला, भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुझ्याकडे ती सख्खी आई होऊन बसलीय. त्या बाईला तेलात घालून येशील तू."

गुरुवारी दुपारी ऊन असं होतं की बाजारातली कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नव्हती. मश्दीच्या घराखालच्या खोल तळघरात मात्र चक्क गारवा. पायऱ्या उतरून उस्ताने कापडाची गाठ सोडली आणि पटावर दोन्ही फौजा मांडल्या. मश्दीने काळा राजा उचलला, दाढीवर फिरवला, उजेडात धरला.

"वा रे वा! हा राजा की मिनार! तूरान, बघ, बापाचा राजा बघ!" मग त्याने समोर पाहिलं. "आणि ही तुझी फौज का? यांच्यात मिनार एकही नाही! यांना जेवायला घालत नाहीस?"

"आपल्यापुढे आम्ही सगळे असेच, मश्दी."

"हे मात्र खरं बोललास," मश्दी खूश होऊन म्हणाला. "चल, पांढरी तुझी. कर सुरुवात."

"छे, मश्दी! आपल्या घरात, आपल्या आधी मी?"

"पाहुणा आधी."

"मोठा आधी."

"अरे, पांढऱ्याने आधी खेळायचं असतं!"

"आपण म्हणता ते शिरसावंद्य, पण माझा हात उचलत नाही."

हे दर गुरुवारी चहा थंड होईस्तोवर चालायचं. आज तूरानखानमने तबक खाली ठेवलं, वाकून उस्ताचं मधलं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "झाली यांची खेळी. खेळा."

खेळ सुरू झाला. खरं सांगायचं तर खैरुल्ला उत्तम खेळायचा. इतकी वर्षं दर गुरुवारी स्वतःला हरवायचं कसं हे शोधून काढणं सोपं नाही, त्यासाठी दोघांचा खेळ एकट्याने खेळावा लागतो. आज त्याने मनाशी ठरवलं होतं की हरायचं नाही. फक्त उद्धटपणा न करता हरवायचं. वजीर त्याने जागचा हलवला नाही, कारण वडीलधाऱ्यांवर पहिल्याच झटक्यात वजीर घालणं बरं दिसत नाही.

मध्येच वर गल्लीत बर्फवाल्याची आरोळी आली. बर्फाची घासाघीस मश्दी कुणावर सोपवत नसे. तो काटकुळ्या पायांनी धडाधड वर गेला आणि त्याचा आवाज तळघरात ऐकू येऊ लागला, "हा बर्फ की गेल्या वर्षीचं पाणी?" इकडे उस्ताची खेळी होती. त्याने किल्लेकोट केला, राजा उचलून कोपऱ्याकडे सुरक्षित ठेवला आणि रुख त्याच्या पलीकडे आणला. खेळी अगदी नियमाने होती. फक्त मश्दीने ती पाहिली नाही.

मश्दी बर्फ छातीशी धरून खाली आला, बसला, पट न्याहाळू लागला. मधोमध एक दबका पिवळा घुमट. कोपऱ्याशी दुसरा दबका पिवळा घुमट.

"काय रे," तो हसत म्हणाला, "तुझा वजीर कोपऱ्यात का लपला? शुश्तरचा आहे का?"

उस्ताने एवढंच म्हणायचं होतं, की मश्दी, तो राजा आहे, वजीर मध्ये आहे. लहान पोरानेही म्हटलं असतं. पण मोठ्या माणसाला, त्याच्याच तळघरात, त्याचाच बर्फ वितळत असताना चूक दाखवायची? "आपली नजर तीक्ष्ण आहे, मश्दी," तो पुटपुटला.

पायरीवर बसलेल्या तूरानखानमला खोकल्याची उबळ आली.

"पाणी पी, पोरी," मश्दी म्हणाला आणि त्याने घोडा उडवून मधल्या घुमटावर रोखला. "शह!"

शह वजिराला होता. वजिराला शह देतो कोण? पण मश्दी उस्ताच्या तोंडाकडे पाहत वाट बघत होता. आता हा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला पळवला असता तर मश्दीची चूक चव्हाट्यावर आली असती. म्हणून उस्ताने वजीर उचलला आणि राजासारखा, जपून, एकच घर बाजूला ठेवला.

"पुन्हा शह!"

वजीर आणखी एक घर चालला.

"पळतोय बघ! शह!"

त्यानंतर बराच वेळ पटावर असला प्रकार चालला की जगातल्या कुठल्याही खेळाडूने डोकं भिंतीवर आपटलं असतं. वजीर बिचारा पोटरीत गोळा आलेल्या म्हाताऱ्यासारखा एकेक पाऊल टाकत पटभर हिंडत होता. मश्दी त्याच्यामागे सगळं लष्कर घेऊन निघाला होता. रुख आले, उंट आले, स्वतःचा वजीरही आला. घरी मश्दीचा तो मिनारासारखा राजा तीन प्याद्यांच्या मागे एकटाच उभा, मागची अख्खी रांग ओस. तूरानखानमने ते पाहिलं. उस्ताने तर केव्हाच पाहिलं होतं. त्याच्या रुखासमोरची वाट थेट त्या रांगेपर्यंत मोकळी होती. खोकून खोकून तूरानखानमचा घसा बसला.

शेवटी मश्दीने उंट आदळला, मांडीवर थाप मारली आणि गर्जना केली, "शह आणि मात! संपला! इकडे घोडा, तिकडे रुख, जाशील कुठे? तूरान, कुलूचे आण! आणि उद्या त्या शुश्तरवाल्याला सांगून टाक, आमचं हो आहे म्हणून. या गावात मला हरवणारा नाही तो नाहीच!"

तूरानखानम उठली. ती कुलूचे आणायला गेली नाही. पायरीवर उभी राहून तिने उस्ताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर उस्ता सोसून गेला असता. राग त्याच्या ओळखीचा होता. पण ती निरोप घेतल्यासारखी पाहत होती. या माणसाकडून काही होणार नाही हे तिला आता कळून चुकलं होतं.

जन्मभर उस्ता प्रत्येकाला वाट देत आला होता आणि त्या वाटेने सगळे पुढे निघून गेले होते. आता हीही जाणार, तीही शुश्तरला.

"मश्दी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुन्हा म्हणावं लागलं. "मश्दी, तो वजीर आहे."

"कोण वजीर?"

"ज्याला आपण मात दिलीत तो."

"म्हणजे?"

"वजिराला मात होत नाही. राजा कोपऱ्यात आहे." एकदा बांध फुटल्यावर पाणी कुणाचं ऐकतं? "आपण बर्फ आणायला गेलात तेव्हा मी किल्लेकोट केला. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता माझी खेळी आहे." त्याने रुख उचलला आणि सरळ मश्दीच्या ओसाड रांगेत नेऊन ठेवला. "शह. आणि, मश्दी, माफ करा… मात."

तळघरात बर्फाचं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

मश्दीने पट पाहिला. दोन्ही पिवळे घुमट उचलले, एकमेकांना भिडवले, उलटेसुलटे करून पाहिले. "हा राजा? हा राजा आहे? याच्यापेक्षा माझी मिठाची कुपी बरी!"

"मी मुद्दाम लहान केला. आपल्या राजाच्या बरोबरीने उभा करायला जीव धजला नाही."

"आणि मघापासून तू तो वजीर पाऊल पाऊल चालवत होतास, ते?"

"आपल्याला वाईट वाटू नये म्हणून."

मश्दीचे डोळे बारीक झाले. बुद्धिबळाच्या वेड्याला एक धागा मिळाला की तो सगळं कापड उसवतो. "खैरुल्ला. खरं सांग. गेल्या गुरुवारी तू घोडा फुकट दिलास."

"दिला."

"त्याआधी?"

"दिला, मश्दी."

"रमजानच्या आधी मी तुला सात खेळ्यांत हरवलं, ते?"

"ते फार अवघड गेलं," उस्ता म्हणाला. "सहाव्या खेळीपर्यंत आपणच हरत होता."

मश्दी एकदम म्हातारा दिसायला लागला. बाजारात, मशिदीच्या ओट्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत त्याने त्या विजयांच्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या होत्या. त्या क्षणी उस्ताला स्वतःची इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण या माणसाला मान देत होतो असं त्याला वाटत आलं होतं, आणि प्रत्यक्षात त्याला लहान मुलासारखं खेळवत होतो.

मग मश्दीने काळा राजा उचलला आणि नेम धरून उस्ताच्या कपाळावर हाणला.

"चोर! लुटारू! माझे सगळे डाव चोरलेस! आता कुठला खरा नि कुठला खोटा, मला काय कळणार? मला ते परत पाहिजेत. सगळे! एकेक! खरेखुरे!" त्याने उस्ताची बाही धरली. "आज घरी जाशील आणि उद्या मरूनबिरून जाशील, तुझा काय भरवसा? नाही. तू इथून हलायचं नाहीस. इथेच जेव, इथेच झोप. रोज खेळायचं!"

"नको, मश्दी, आपल्याला उगाच त्रास…"

"उस्ता!" तूरानखानम ओरडली.

उस्ता थांबला. कपाळावर टेंगूळ येत होतं. त्याने तूरानखानमकडे पाहिलं, मश्दीकडे पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं त्याने तो स्वतःच दचकला.

"राहतो. पण जावई म्हणून राहीन. मला तूरान पाहिजे."

खानम नाही, आपली परवानगी नाही, पायाची धूळ नाही. नुसतं 'पाहिजे'. तूरानखानमने चादरीत तोंड लपवलं. हसत होती की रडत, ते तिचं तिलाच ठाऊक.

"ऐकलंस?" मश्दी लेकीला म्हणाला. "अजून जावई झाला नाही तर भाषा बघ! पाहिजे म्हणे!" मग तो पटावर वाकला आणि सोंगट्या पुन्हा मांडू लागला. "जिंकलाय. शब्द दिलाय मी. घे पोरगी. पण आधी बस. तू काळी घे. या तुझ्या खुज्यांनीच तुला मारतो की नाही बघ."

उद्या शुश्तरवाल्याला काय सांगायचं, हे तूरानखानमने ठरवलेलंच होतं. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

तो डाव उस्ता जीव तोडून खेळला आणि सपशेल हरला. खरोखरच हरला. रागावलेल्या मश्दीचा खेळ त्याने जन्मात पाहिला नव्हता. म्हातारा वाघासारखा आला आणि खुज्या राजाने मिनाराला कोपऱ्यात गाठलं. उस्ता पट बघत राहिला, त्याला सुटायला एक घर सापडेना.

"मात," मश्दी म्हणाला. पण आवाजात गर्जना नव्हती. त्याने उस्ताच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "खरंच हरलास ना रे?"

"खरंच, मश्दी."

"भीड नाही?"

"नाही."

"शपथ घे."

उस्ताने शपथ घेतली. मश्दीने मान हलवली, सोंगट्या मांडल्या आणि म्हणाला, "पटत नाही. पुन्हा बस."

लग्न होऊन आता दोन नवरोज झाले. उस्ता आठवड्यातून तीन-चार डाव इमानदारीत हरतो, आणि प्रत्येक वेळी मश्दी पटावरून वाकून, दाढी त्याच्या नाकाला लागेपर्यंत जवळ येऊन, जीव मुठीत धरून विचारतो, "खरंच हरलास ना रे?" उस्ता खरं तेच सांगतो. त्या घरात त्याच्यावर विश्वास नाही तो फक्त एवढ्याच बाबतीत.